मुंबईत कुणाला अटक झालीय का, कसं शोधायचं

घरच्या माणसाला पोलीस घेऊन गेले आणि कुठे नेलंय तेच कळेना, तर आधी महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल उघडा, तिथे अटक आरोपी आणि प्रकाशित एफआयआर असे भाग आहेत, तारीख नि पोलीस स्टेशन टाकून बघा. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे नसतात. नाव नाही दिसलं तर थेट स्टेशनला जा, अटक घरच्यांना कळवणं पोलिसांना बंधनकारकच आहे, ठामपणे विचारा! प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत कोर्टात हजर करावंच लागतं, म्हणून ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवरही एफआयआर नंबर टाकून शोधा. न्यायालयीन कोठडी मिळाली की मगच आर्थर रोड वगैरे जेलमध्ये चौकशी करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100 ही कायदेशीर मदतीची हेल्पलाइन लावा.