व्हीएस कोडमध्ये आउटपुटची खिडकी कामापुरतीच कशी उघडावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी पोरं व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) लॅबसाठी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात ती लहान लॅपटॉपवर, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये. बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायला घेतला, की खालून टर्मिनल (आउटपुटची खिडकी) वर येतं आणि कोडला जेमतेम अर्धा पडदा उरतो. चूक नसली तरी तेच. कंट्रोल-जे दाबून ते झाकता येतं, पण दर वेळी कोण झाकत बसणार?

आधी फाइल सुटी न उघडता तिचं फोल्डर उघडा, कारण ही खिडकी कधी उघडायची याची मांडणी फोल्डरमध्येच साठते. व्हीएस कोडचं सी-सीपीपी एक्स्टेन्शन आणि जीसीसी हा कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारा) आहे असं धरतो. टर्मिनल मेन्यूत ‘कॉन्फिगर टास्क्स’ घ्या आणि यादीतून जीसीसीने चालू फाइल बिल्ड करण्याचं टास्क (ठरवून ठेवलेलं काम) निवडा. टास्क्स डॉट जेसन ही टास्कच्या मांडणीची फाइल उघडेल.

त्या टास्कच्या कंसात, आधीच्या ओळीला स्वल्पविराम देऊन, ‘प्रेझेन्टेशन’ जोडा. स्पेलिंग पाठ करायची गरज नाही, कंट्रोल-स्पेस दाबलं की पर्याय समोर येतात. आत दोनच गोष्टी हव्यात: ‘रिव्हील’ला ‘सायलेंट’ आणि ‘रिव्हील प्रॉब्लेम्स’ला ‘ऑन प्रॉब्लेम’. पहिलीने टर्मिनल उगाच पुढे येत नाही, दुसरीने चूक सापडली तर प्रॉब्लेम्सचं पॅनेल उघडतं. ‘रिव्हील’ला ‘नेव्हर’ देण्याचा मोह टाळा. जीसीसीच सापडलं नाही तर तो निरोप टर्मिनलमध्ये येतो, आणि टर्मिनल तर तुम्ही कायमचं झाकून बसलेले असता.

‘प्रॉब्लेम मॅचर’च्या ओळीत डॉलरचं चिन्ह लावलेलं ‘जीसीसी’ आहे ना, तेही बघा. कंपायलरची बडबड वाचून त्यातल्या चुका वेचतो तो हाच. तो नसेल तर ‘ऑन प्रॉब्लेम’ला काही कळणारच नाही.

आता तपासा. समजा उसाच्या वजनावरून बिल काढणारा प्रोग्राम आहे. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबा (यादी आली तर तेच टास्क निवडा): सगळं ठीक असेल तर पडदा तसाच राहील. मग एक अर्धविराम मुद्दाम खोडून, फाइल सेव्ह करून पुन्हा दाबा. चुकीची ओळ खाली दिसेल, तिच्यावर क्लिक केलं की कर्सर थेट तिथे.

एक मात्र ध्यानात ठेवा: हे सगळं बिल्डपुरतं. प्रोग्राम चालवण्याचं वेगळं टास्क केलं असेल तर त्याच्या ‘रिव्हील’ला ‘ऑलवेज’च असू द्या. स्कॅनएफ (आकडा वाचून घेणारं सीचं फंक्शन) वजनाची वाट बघत थांबेल आणि टर्मिनल झाकलेलं असेल, तर प्रोग्राम अडकला असंच वाटेल.

डीबग करताना (चूक शोधत प्रोग्राम चालवताना) डीबग कन्सोल ही खिडकी आपोआप उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘इंटर्नल कन्सोल’ शोधून ‘नेव्हर ओपन’ निवडा.

व्हीएस कोडऐवजी विम हा एडिटर वापरणाऱ्यांचं काम आणखी सोपं. ‘मेक’ या कमांडने बिल्ड झाल्यावर ‘सीओपन’ऐवजी ‘सीविंडो’ ही कमांड द्या. ‘सीओपन’ चुकांच्या यादीची खिडकी उघडतोच, ‘सीविंडो’ चुका असतील तरच उघडतो आणि नसतील तर आधीची उघडी खिडकीही बंद करतो.