विद्यार्थी खचलेला दिसतोय? प्राध्यापकांनो, या चुका टाळा

डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागेपर्यंत थांबणं ही पहिली चूक. नियमित येणारा मुलगा दोन आठवडे गायब, जर्नल अर्धवट, घोळक्यातली मुलगी आता एकटीच बसते: असं काही दिसलं की त्याच आठवड्यात बोला. हुशार विद्यार्थी खचत नाहीत, असं समजू नका.

सगळ्यांसमोर "काय रे, काय झालंय?" विचारलं की "काही नाही सर" एवढंच उत्तर मिळतं. प्रॅक्टिकलनंतर थांबवा आणि जे दिसलं तेवढंच सांगा: "तीन प्रॅक्टिकल बुडाली, काळजी वाटली. कसं चाललंय?" मग गप्प राहून ऐका. "आमच्या वेळी" सुरू झालं की मूल मिटतं.

सगळ्यांत घातक समजूत म्हणजे जीव देण्याचा विषय काढला तर तो विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. निरोपाची भाषा किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणं दिसलं, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हटलं, तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हेही विचारा. तसं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, होस्टेलवर परत पाठवू नका. समुपदेशकांना बोलवा, रुग्णालयात न्या, गरज पडली तर 112 लावा.

म्हणूनच "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नये. "जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावेन, बाकी आपल्यातच राहील" हे आधीच सांगा, आणि स्टाफरूममध्ये खरंच बोलू नका. तातडी नसेल तर घरी फोन करण्याआधी त्यालाच विचारा. त्रासाचं मूळ कधी घरातच असतं.

नंबर हातात देऊन मोकळं होऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तुमच्यासमोरच लावायला सांगा. कॉलेजात समुपदेशक असतील तर सोबत जा. नसतील तर प्राचार्यांना लेखी द्या: 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे.

सबमिशनबाबत "जमेल तेव्हा दे" म्हणणं दयाळू वाटतं, पण त्याने ओझं डोक्यावर तसंच राहतं. काम तोडून द्या: या शुक्रवारी दोन प्रयोग, पुढच्या शुक्रवारी दोन. हजेरी कमी भरत असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र कुठे, कधीपर्यंत द्यायचं ते त्याच भेटीत सांगा, कारण टर्म न मिळण्याच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, धास्तीनेच काही मुलं कॉलेजात पाऊल टाकत नाहीत.