ओढ्याकाठी घर बांधताय? आधी हद्द आणि पूररेषा बघा

उन्हाळ्यात ओढा कोरडाठाक असतो आणि प्लॉट विकणारा सांगतो, "इथं पाणी येतच नाही." त्याच्या शब्दावर घराचा नकाशा काढून घेऊ नका.

आधी मोजणी. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द जागेवर कुठून जाते ते सांगत नाही. कुंपण आणि बांध वर्षानुवर्षं सरकत आलेले असतात. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, तरी शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. भूकरमापक खुणा दाखवील तिथे त्याच दिवशी दगड रोवा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात धुऊन जाते. मग मोजणी नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी प्रत, घ्या.

आता पाणी. ओढा-नाला तुमच्या जमिनीला लागून असला तरी पात्र सहसा सरकारचंच असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० तेच सांगतं. पात्रात भराव टाकून प्लॉट वाढवला, तर पुराचं पाणी समोरच्याच्या घरात शिरतं. हे कुणीही करू नये.

नदी असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, घर बांधायचंच नाही. निळ्या-लाल रेषांमध्ये परवानगी मिळालीच, तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. पूर किती चढतो ते सांगलीत बघा: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं.

लहान ओढ्याची पूररेषा बहुधा आखलेली नसते. तिथे काठावरच्या करंजाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ओढ्यापासून किती मीटर सोडायचे ते नगररचना कार्यालयातून लेखी घ्या.

मुंबई वगळता महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बांधकामाची २०२० ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे. हद्द आणि घर यांच्यात सोडायचं बाजूचं अंतर प्लॉट, रस्ता आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. ते मोजणीच्या दगडापासून धरा, कुंपणापासून नव्हे. पागोळ्यांचं पाणीही आपल्याच जागेत पडू द्या.

परवानगी हातात आल्यावर लाइन आउट, म्हणजे जागेवर पायाची आखणी, करताना 'क' प्रत जवळ ठेवा, आणि दोरी दगडाला लावून अंतर स्वतः टेपनं मोजल्याशिवाय गवंड्याला कुदळ मारू देऊ नका.