मॉनिटरवर सारखं ‘नो सिग्नल’ येतं? आधी बघा, मागे काय चालू राहतं

काम चालू असताना पडदा अचानक काळा होतो आणि ‘नो सिग्नल’ची पाटी येते. कधी दोन सेकंदांत चित्र परत येतं, कधी येतच नाही. अशा वेळी बरेच जण थेट बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन केबल घेतात, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलतात, शेवटी मॉनिटरवर येतात. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. दोष कुठे आहे हे पडदा काळा झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात बऱ्यापैकी कळतं, म्हणून लगेच रिस्टार्टचं बटण दाबू नका.

पडदा गेला, त्या क्षणी

मागे एखादं गाणं लावून काम करा. पडदा गेला आणि गाणं चालू राहिलं, तर कॉम्प्युटर जिवंत आहे. (आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरच्याच स्पीकरवर जात असेल तर ही खूण चालणार नाही, हेडफोन कॅबिनेटला लावा.) मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज काम करते आहे. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो आणि उघडलेल्या फाइलना धक्का लागत नाही. यानंतर चित्र परत आलं, तर संशय ड्रायव्हरवर किंवा ग्राफिक्स कार्डवर (चित्र तयार करणाऱ्या बोर्डावर). नाही आलं, पण केबल काढून पुन्हा लावल्यावर आलं, तर संशय केबलवर, पोर्टवर किंवा मॉनिटरवर.

गाणं अडकलं, कॅप्स लॉकचा दिवा हलेना, किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं, तर केबलच्या मागे लागू नका. तिथे वीजपुरवठा, रॅम, उष्णता किंवा कार्ड तपासायचं.

आणखी एक गोष्ट. पाटीही न दाखवता पडदा काळा झाला असेल, तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. आत चित्र पुसटसं दिसलं, तर सिग्नल व्यवस्थित येतो आहे, मॉनिटरचा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेला आहे. ते काम मॉनिटर दुरुस्त करणाऱ्याचं. कॅबिनेट उघडायची गरज नाही.

हे सगळं वहीत वेळेसकट लिहून ठेवा. किती वाजता गेलं, खोलीतला कुलर चालू होता का, गेम चालू होता की नुसती एक्सेल शीट. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो.

केबल आणि तिची दोन टोकं

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातली शेवटची, १९ क्रमांकाची पिन चित्र नेत नाही. मॉनिटर जोडलेला आहे एवढंच ती कॉम्प्युटरला सांगते. हिचा कॉन्टॅक्ट क्षणभर जरी सुटला, तरी कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर काढून घेतला, आणि तो सिग्नल बंद करतो. कॉन्टॅक्ट जुळला की पुन्हा सगळी ओळखपरेड होते आणि दोन-तीन सेकंदांनी चित्र येतं. टेबलाला धक्का लागल्यावर पडदा जाणं ही याची ठरलेली खूण. दोन मॉनिटर असतील तर अशा वेळी एका पडद्यावरच्या खिडक्या उडी मारून दुसऱ्यावर जातात.

साध्या एचडीएमआयच्या प्लगला स्क्रू नसतो की खटका नसतो, त्यामुळे तो नुसत्या घट्टपणावर टिकतो. जाड केबल टेबलाच्या मागे लोंबकळत असेल तर तिचं वजन दिवसरात्र त्या पोर्टला खाली ओढतं. केबल टेबलाच्या पायाला सैलसर बांधून तो ताण काढा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे निदान चार बोटं जागा ठेवा, नाहीतर प्लग दुमडून पोर्ट कायमचं ढिलं होतं. प्लग लावल्यावर बोटाने हलकेच वर-खाली करून बघा. तेवढ्याने चित्र जात असेल, तर तीच केबल दुसऱ्या पोर्टला लावा. तिथेही जातं? मग केबल बदला. तिथे जात नाही? मग पहिलं पोर्ट ढिलं आहे.

१०८० पिक्सेलच्या साध्या मॉनिटरला दीड-दोन मीटरची ‘हाय स्पीड’ केबल पुरते. ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचा असेल तर १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ हवी. इथे जुनी केबल लावली की चित्र येतं, पण मधूनमधून तुटतं. हे ओळखायला डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नवं होतं तो आकडा) खाली आणा. १४४ वरून ६० वर आणल्यावर त्रास थांबला, तर केबलचा दम अपुरा आहे. डिस्प्लेपोर्टच्या (एचडीएमआयसारखाच दुसरा जोड) काही हलक्या केबलींमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, जी नसायला हवी. त्यातून मॉनिटरची ३.३ व्होल्ट वीज कॉम्प्युटरमध्ये उलटी शिरते आणि मशीन सुरू होतानाच अडतं.

जुना व्हीजीए मॉनिटर आणि नवा कॉम्प्युटर यांच्यामध्ये लावलेला छोटा कन्व्हर्टर असेल, तर सगळ्यात आधी त्यालाच हात लावून बघा. तो पोर्टमधल्या ५ व्होल्टवर चालतो आणि चांगलाच तापतो. अर्ध्या तासाने सिग्नल जातो आणि थंड झाल्यावर परत येतो, ही तक्रार बहुतेक वेळा त्याचीच.

कुलर, लाइन आणि मे महिना

नागपुरात एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कुलर, त्याचा पंप आणि कॉम्प्युटर लावलेले असणं नवीन नाही. कुलरची मोटर चालू किंवा बंद होताना लाइनमध्ये झटका येतो. केबलचं आवरण हलकं असेल किंवा अर्थिंग कच्चं असेल, तर तेवढ्यावर मॉनिटर सेकंदभर सिग्नल सोडतो. तपासणी सोपी आहे: चित्र नीट असताना कुलर पाच-सहा वेळा चालू-बंद करा. त्याच ठेक्यावर पडदा झपकला, तर कुलर वेगळ्या भिंतीच्या बोर्डवर न्या. शक्यतो झटके अडवणारी फेराइटची जाड गोळी असलेली चांगली केबल घ्या.

अर्थिंग तपासणं मात्र इलेक्ट्रिशियनचं काम. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते पुढे ढकलू नका. त्याला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला विजेचा दाब (व्होल्टेज) मोजायला सांगा. २-३ व्होल्टच्या आत असावा. तिसरी पिन तोडून टाकलेला प्लग घरात कुठेही असेल तर बदलून घ्या. लाइन जाऊन इन्व्हर्टरवर येताना पडदा जात असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये तो लाइन बदलायला जास्त वेळ घेतो.

आता उष्णतेचं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ अंश असतात आणि बंद खोलीत टेबलाखालची हवा ४० च्या आसपास असते. खोली १० अंशांनी तापली की ग्राफिक्स कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. म्हणून जानेवारीत बिनतक्रार चाललेलं मशीन मेच्या दुपारी पडदा सोडतं. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘जीपीयू’वर जा, वेगळं कार्ड असेल तर तिथे तापमान दिसतं. काम चालू असताना ते ८५ च्या वर टिकून राहत असेल तर आधी सफाई करा.

प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा आणि मग बाजूचं झाकण उघडा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. आणि कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट कधीच ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांमधून बारीक तुषार उडतात, बोअरच्या पाण्यातले पांढरे क्षार बोर्डावर बसतात आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. कुलरची हवा खोलीत फिरू द्या, कॅबिनेट बाजूला ठेवा.

कॅबिनेटच्या आत

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावरच पडदा जात असेल तर एसएमपीएस बघा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या वायरीतून ७५ आणि ८ पिनच्या वायरीतून १५० वॅट मिळतात. आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॅटचं कार्ड असेल तर ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस हवा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असलं तरी तेवढा भार तो पेलेलच असं नाही. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) ८ पिन बनवणारी जोडवायर वापरू नका, ती वितळू शकते. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो.

कार्ड काढून पुन्हा बसवा, स्लॉटचा खटका वाजला पाहिजे आणि मागचा स्क्रू घट्ट हवा. केबल कार्डाच्या पोर्टला आहे की मदरबोर्डच्या, तेही बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून दोन दिवस मदरबोर्डच्या पोर्टवर मशीन चालवा. तक्रार गेली, तर दोष कार्डात, त्याच्या वायरीत किंवा ड्रायव्हरमध्ये. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यांच्यात ग्राफिक्स नसतं, तिथे ही चाचणी होणार नाही.

मशीन चालूच होताना चित्र नसेल तर रॅम काढा, पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झाडा आणि दोन्ही खटके वाजेपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

ड्रायव्हरवर संशय असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत) विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा आणि वहीतल्या वेळा जुळवा. ‘डिस्प्ले ४१०१’ म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि सावरला. ‘कर्नल-पॉवर ४१’ म्हणजे मशीन नीट बंद न होता रिस्टार्ट झालं. मग वीजपुरवठा आणि उष्णता आधी बघा. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. पॉवर ऑप्शन्समधलं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा. एका वेळी एकच बदल करा आणि एक दिवस थांबा.

पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटून मग सिग्नल जात असेल, आणि दुसऱ्या मशीनमध्येही कार्ड तसंच वागत असेल, तर कार्डाची चिप किंवा मेमरी गेली. बिल शोधा आणि वॉरंटी बघा. वॉरंटी संपली असेल आणि कुणी कार्ड तापवून चालू करून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका. असं तापवलेलं कार्ड बहुधा काही आठवड्यांत पुन्हा तीच तक्रार घेऊन येतं.