आबांच्या पेन्शनचे शेवटचे १९ दिवस

आबा गेले १९ ऑगस्ट २०२३ ला, श्रावणातल्या शनिवारी, पुण्याच्या रुग्णालयात. नीरा उजव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली. २००३ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, आणि पुढची वीस वर्षं दर महिन्याला पासबुक भरून आणून पेन्शनच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब करत राहिले. त्यांची फाइल माझ्याकडे आली, कारण मी थोरली आणि आईजवळ राहणारी. पुढचे दहा महिने मी बँक आणि कोषागार, म्हणजे जिथून राज्य सरकारी पेन्शन निघतं ते कार्यालय, यांच्यामध्ये चालत होते. त्यातलं जे कळलं ते लिहिते, कारण घरात माणूस गेलेलं असताना हे कुणी नीट सांगत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचं, तो दिवस धरून, वडिलांचं असतं. माणूस पहाटे गेला की रात्री गेला याला महत्त्व नाही. दुसऱ्या दिवसापासून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. आबांच्या खात्यात १९ तारखेनंतरच्या दिवसांचं जे पेन्शन येईल, ते त्यांचंही नाही आणि आपलंही नाही, ते सरकारला परत करायचं आहे. उलट १९ तारखेपर्यंतचा एक रुपयाही सोडायचा नाही, तो त्यांच्या नोकरीचा आहे. पुढच्या प्रत्येक कागदाला हीच रेघ लागते.

आमच्याकडून चूक इथेच झाली. रुग्णालयाच्या बिलात आबांचं खातं जवळजवळ रिकामं झालं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑगस्टचं पेन्शन पूर्ण महिन्याचं जमा झालं, कारण आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. तेराव्याच्या मांडवाचं आणि स्वयंपाकाचं देणं होतं. धाकट्या भावाकडे आबांचं एटीएम कार्ड होतं, आजारपणात तोच पैसे काढायचा. त्याने २५,००० रुपये काढले. मनात काही वाईट नव्हतं, ‘आबांचेच पैसे, आबांच्याच कार्याला’ एवढंच. नंतर जादा रक्कम परत करण्याचं पत्र बँकेत आलं तेव्हा खात्यात काही शे रुपये होते. आम्ही भरपाई केली, पण ती भरून तिची पावती दाखवेपर्यंत आईचे कागद थांबले. म्हणून सांगते: कार्ड त्याच दिवशी कपाटात ठेवा आणि मोबाइलवरून पैसे पाठवणं बंद करा. वीजबिल, विम्याचा हप्ता असं काही त्या खात्यातून आपोआप जात असेल तर ते दुसरीकडे वळवा. तेराव्याचा खर्च भावंडांनी वाटून घ्या.

आता मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथे होते, जिथे राहत होता तिथे नाही. आमच्या गावातले लोक ग्रामपंचायतीत विचारायला सांगत होते, पण आबा पुण्यात गेले म्हणून दाखला पुणे महानगरपालिकेचा. रुग्णालयात मृत्यू झाला तर ते कळवतात. घरी झाला तर २१ दिवसांत आपण कळवायचं. उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत गोष्ट जाते. रुग्णालयातला फॉर्म भरताना पीपीओ समोर धरा आणि नाव अक्षर न अक्षर तसंच लिहायला सांगा. पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, महालेखापालांनी निवृत्तीच्या वेळी दिलेला. त्या घाईत हे सुचत नाही हे मला ठाऊक आहे. पण ते काम कुणातरी शांत डोक्याच्या माणसावर सोपवा, चुलतभाऊ, जावई, कुणीही. दाखल्याच्या दहा प्रती एकदम काढा. बँक, कोषागार, विमा, सातबारा, गॅस, रेशनकार्ड, सगळीकडे एकेक जाते.

दाखला हातात आला की त्याच दिवशी दोन पत्रं द्या, एक बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना आणि एक कोषागार अधिकाऱ्यांना. राज्य सरकारी पेन्शन जिल्हा कोषागारातून निघतं, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयातून. नुसतं बँकेला सांगितलं म्हणजे कोषागाराला कळेलच असं धरून चालू नका. आमचं पत्र असं होतं:

‘मा. कोषागार अधिकारी, जिल्हा कोषागार कार्यालय. विषय: निवृत्तिवेतनधारकाच्या निधनाबाबत. महोदय, माझे वडील श्री. अमुक, पीपीओ क्रमांक तमुक, यांचे दि. १९/०८/२०२३ रोजी निधन झाले आहे. कृपया दि. २०/०८/२०२३ पासून त्यांचे निवृत्तिवेतन बंद करावे, माझ्या आईस कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावे आणि दि. १९/०८/२०२३ पर्यंतची थकबाकी अदा करावी. मृत्यू दाखला व पीपीओची प्रत सोबत जोडली आहे.’

एकाच पत्रात तिन्ही मागण्या लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “ताई, शिक्क्याची काय गरज, माझ्या लक्षात राहील.” त्यांच्या लक्षात राहिलंही, पण दोन महिन्यांनी त्यांच्या जागी दुसरं माणूस आलं. तेव्हा माझ्या हातात तो शिक्का होता.

आईच्या कागदांत खरा वेळ गेला. मूळ पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, फोटो, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, स्वाक्षरीचे नमुने आणि जास्त रक्कम आली तर परत करीन असं हमीपत्र. यादी कोषागारात आधी विचारून घ्या. त्यांच्या फॉर्मचा जो नमुना चालू असेल तोच भरा, झेरॉक्सवाल्याकडचा जुना नको. आबांचं खातं एकट्याच्या नावाचं होतं, म्हणून आईचं नवीन उघडावं लागलं. नवरा-बायकोचं खातं आधीपासून दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेल्याने चालवण्याचं असेल, तर ही एक फेरी वाचते. आईवडील दोघंही हयात असलेल्या घरांनी हे बँकेत जाऊन आजच बघून यावं.

मग नाव. लग्नात आईचं नाव बदललं होतं. पीपीओवर सासरचं नाव ‘बाई’ जोडून, आधारवर ‘बाई’शिवाय आणि पॅनवर आडनाव आधी. जन्मतारीख पीपीओत फक्त सालाने, कारण तिला शाळेचा दाखला नव्हताच. आम्ही ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं आणि आधीपासूनचं मतदार ओळखपत्र जोडलं. जन्मतारखेचा नाद सोडू नका. वयाच्या ८० नंतर कुटुंब निवृत्तिवेतनात वाढ असते, आणि त्या वेळी नोंद कोरी असेल तर पुन्हा हीच यात्रा, तीही ऐंशीच्या बाईला घेऊन.

ओळख पटवायला आईला एकदा कोषागारात नेलं. सकाळी लवकर गेलो, सोबत पाणी, औषधं आणि तिच्या हाताला शाई लागली तर पुसायला फडकं. तिथे तिला पुनर्विवाह केला नसल्याच्या प्रमाणपत्रावर सही करायची होती. विधवेला ते द्यावं लागतं, पुढे दर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याबरोबरही. मी तिला घरून सांगून नेलं नव्हतं. नवऱ्याला जाऊन अडीच महिने झालेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तो कागद वाचून गप्प झाली, आणि परत येताना एसटीत एक शब्द बोलली नाही. तुमच्या आईला हे आधी सांगा, घरात, जेवण झाल्यावर, हलक्या आवाजात.

हिशेब कसा होतो ते एका सोप्या आकड्यावर बघा. समजा महागाई भत्त्यासकट पेन्शन महिना ३१,००० रुपये. ऑगस्ट ३१ दिवसांचा, म्हणजे दिवसाला १,०००. त्यातले १ ते १९ तारखेचे १९,००० वडिलांचे. पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के असतं आणि कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. म्हणून आईचे महिन्याचे १८,६००, दिवसाला ६००, आणि २० ते ३१ या बारा दिवसांचे ७,२००. खात्यात ३१,००० आले असतील तर त्यातले १२,००० जादा ठरतात आणि ७,२०० आईला नंतर तिच्या खात्यात मिळतात. पेन्शन साठ टक्क्यांवर येणार हे घरच्या खर्चाला आधी सांगून ठेवा. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत मृत्यू झाला असेल तर काही काळ वाढीव दराने मिळतं, तेही विचारा. वडिलांनी पेन्शनचं अंशराशीकरण केलं असेल, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर त्याची कपात आईच्या रकमेतून होत नाही. हिशेबाच्या कागदावर ती दिसली तर लगेच बोट ठेवा.

आता थकबाकी. बहुतेक घरं इथेच पैसे सोडून देतात. पेन्शन बंद झालं म्हणजे हिशेब मिटला असं आपल्याला वाटतं. पण महागाई भत्ता मागच्या तारखेपासून वाढतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने भत्ता ४२ वरून ४६ टक्के केला, तो १ जुलैपासून. म्हणजे १ जुलै ते १९ ऑगस्ट या पन्नास दिवसांचा चार टक्क्यांचा फरक आबांचा होता, त्यांना जाऊन तीन महिने झाले होते तरी. सातव्या वेतन आयोगाची थकबाकीही २०१९-२० पासून पाच हप्त्यांत द्यायची ठरली होती, आणि त्यातला शेवटचा हप्ता आबांच्या हयातीत आला नव्हता. या दोन्हींसाठी मी स्वतंत्र अर्ज केले. दरवेळी शासन निर्णयाची प्रत जोडली, पीपीओ क्रमांक आणि मृत्यूची तारीख ठळक लिहिली. माणूस गेल्यानंतर किमान वर्षभर वर्तमानपत्रात महागाई भत्त्याची बातमी आली की तारखा बघत जा. निवृत्तिवेतनवाहिनीच्या संकेतस्थळावर पेन्शनची पावती दिसते. मागच्या पावत्या काढून ठेवल्या तर कुठल्या महिन्याचं काय आलं हे वाद न घालता दाखवता येतं.

आई आधीच गेलेली असेल आणि वडिलांचं हे शेवटचं येणं मुलांना घ्यायचं असेल, तर पहिला प्रश्न नामनिर्देशनाचा. थकबाकीसाठी वडिलांनी कुणाचं नाव दिलं होतं ते कोषागारात विचारा. बँकेतलं वारसदाराचं नाव वेगळं, ते खात्यातल्या शिल्लकीपुरतं. नाव असलेल्याने पैसे घ्यायचे, पण वाटणी सगळ्या वारसांची असते. कुणाचंच नाव नसेल तर कायदेशीर वारस असल्याचा कागद मागतात. आपल्याकडे दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस दाखला मिळतो, तलाठ्याची वारसनोंद त्याऐवजी चालत नाही. रक्कम लहान असेल तर हमीपत्रावर काम होईल का, हे वकील गाठण्याआधी लेखी विचारा. घरात कमावू न शकणारं दिव्यांग भावंड असेल तर त्याचा हक्क थकबाकीपुरता नसतो, त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लवकर काढा.

पीपीओत आईचं नावच नसेल तर कोषागार तिचं कुटुंब निवृत्तिवेतन परस्पर सुरू करू शकत नाही. प्रकरण वडील जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जातं. मुंबई, कोकण, पुणे, नाशिककडच्यांचं मुंबईला, विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला. त्या जुन्या कार्यालयात स्वतः जा. आबांच्या हाताखाली काम केलेला एक माणूस अजून तिथे होता. त्याने चहा मागवला, आबांच्या सायकलीची आठवण काढली आणि माझा एक दिवसाचा शोध दहा मिनिटांत संपवला. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकाचं काम मात्र कोषागाराशी नसतं, ते बँकेच्या पेन्शन केंद्रातून होतं, तिथे पत्र शाखेतच द्यायचं.

आयकराचं थोडक्यात. १ एप्रिलपासून मृत्यूपर्यंतचं वडिलांचं उत्पन्न करपात्र असेल तर त्यांचं विवरणपत्र वारसाने भरायचं, आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून. त्याआधी त्यांचं पॅन रद्द करू नका. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, जे कमी असेल ते वजा होतं. जुन्या पद्धतीत ही मर्यादा १५,००० आहे, नव्या पद्धतीत २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून २५,०००.

आबांचा शेवटचा हप्ता पासबुकात उमटला तेव्हा आईने त्यांच्याच पेन्सिलीने त्याखाली टिंब केलं. त्यानंतर मी तिच्या नावाची नवी फाइल केली. पहिल्या पानावर तिचा पीपीओ क्रमांक, खात्याची शाखा, नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची आठवण, आणि तिने थकबाकीसाठी दिलेल्या नामनिर्देशनाची आवक शिक्क्याची प्रत. त्यावर आम्हा तिन्ही भावंडांची नावं आहेत, आधारवर आहेत तशीच.