फॉर्म भरण्याआधी आठ दिवस गेटवर उभं राहा

दरवर्षी जूनमध्ये निकाल लागले की आमच्या पुनर्वसनातली दोन-चार पोरं मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. स्क्रीनवर कुठल्या तरी कोर्सचा फॉर्म उघडलेला असतो. "दादा, हा कोर्स चांगला आहे का?" मी विचारतो, "हा शिकलेल्या माणसाला कामावर कोण ठेवतो, त्याचं नाव सांग." बहुतेक वेळा पोरगा मोबाइल खिशात घालतो. मीही त्या वयात काही वेगळा नव्हतो, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात. धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा माझा जन्मही नव्हता. म्हणजे मी धरणाच्या बातमीतच वाढलो. शाळेची नवी खोली बांधायची तर "कशाला, गाव तर उठणारच आहे", घराची कौलं बदलायची तरी तेच. गाव उठलं तेव्हा मी नववीत होतो. बाबाजवळ तीन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या. मोबदला तुकड्या-तुकड्यांनी आला आणि तसाच गेला. थोडा बहिणीच्या लग्नात, थोडा नव्या गावठाणातल्या घरात, थोडा भावाच्या मोटारसायकलीत. नव्या ठिकाणी प्लॉट मिळाला, नळ मिळाला, रस्ता मिळाला. बांधी नाही मिळाली.

याचा कोर्स निवडण्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. शेती असलेल्या घरातल्या पोराचा एखादा कोर्स वाया गेला तर तो परत येऊन रोवणीला लागतो, वर्ष निघून जातं. आमच्याकडे परत यायला बांधीच नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आणि ती कोणत्याही मोबदल्यात धरलेली नसते. आपल्याकडे काम ओळखीवर मिळतं. अमक्याचा मामा मिलमध्ये आहे, तमक्याचा साळा ठेकेदाराकडे आहे. गाव उठून तीन ठिकाणी विखुरलं की ही ओळख तुटते. नव्या जागी आजूबाजूचे लोक आपल्याला "पुनर्वसनवाले" म्हणतात, नावानं ओळखायला दहा वर्षं लागतात. म्हणून दुसऱ्याला जे घरबसल्या कळतं, ते आपल्याला पायी फिरून माहीत करून घ्यावं लागतं.

आधी प्रकल्पग्रस्त दाखल्याबद्दल. सरकारी भरतीत गट क आणि ड मध्ये प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत आहे. दाखला जरूर काढा. पण तो कुटुंबातल्या एकाच माणसाच्या नावानं लागतो, आणि त्या 5 टक्क्यांत राज्यभरातले सगळे प्रकल्पग्रस्त आपापसात स्पर्धा करतात. आमच्या घरी दाखला मोठ्या भावाच्या नावानं निघाला. त्यानं सहा वर्षं जाहिरातींची वाट पाहिली. दर भरतीला पुस्तकं, फॉर्मचे पैसे, नागपूरची खोली. मधल्या काळात हाताला काही शिकला नाही, कारण "नोकरी लागलीच तर शिकून काय करू". दाखला फाइलीत ठेवा, परीक्षा द्या, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नका. माझा भाऊ आता तेच सांगतो, जरा जास्तच कडवटपणे.

माझा पहिला कोर्स बारावीनंतरचा. तीन महिने, फुकट, राहणं-खाणं सकट. विषय होता दुकानातली विक्री. इंग्रजीत नमस्कार कसा करायचा, कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या, बिलाचं मशीन. संस्थेचं नाव घेत नाही, पण शेवटच्या आठवड्यात आमच्यासमोर पुण्याच्या नोकरीचा एक कागद आला आणि सही करा म्हणाले. नऊ हजार पगार. पुण्यात चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं, डबा आणि बस धरली तर हातात जे उरायचं, त्याहून जास्त मी इथे सातऱ्यात, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, देठ खुडणाऱ्या माझ्या मायला कमावताना पाहिलं होतं. आमच्या तुकडीतले निम्म्याहून जास्त पोट्टे दोन महिन्यांत परत आले. मीसुद्धा. संस्थेच्या कागदावर मात्र आम्ही सगळे "नोकरीला लागलेले".

परत आल्यावर मोबाइल दुरुस्ती शिकलो. तीसुद्धा वाईट नाही. पण आमच्या गावठाणात त्याच वर्षी आणखी दोघं तेच शिकले होते आणि दोनशे घरांच्या वस्तीला एक दुकानही जड जातं. कोर्स चालवणाऱ्याला त्याची तुकडी भरायची असते. तुमच्या गावात चौथ्या मोबाइलवाल्याची गरज आहे की नाही, हे मोजणं त्याचं काम नाही. ते तुमचं काम आहे, आणि ते फॉर्म भरण्याआधीचं आहे.

माझे डोळे उघडले ते राइस मिलमध्ये हमाली करताना. धानाचा हंगाम, मिल रात्रंदिवस सुरू, आणि एक मोटार जळाली. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भंडाऱ्याहून वाइंडिंगवाला, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणारा, आला, मोटार उतरवून घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी बसवून गेला. त्याला किती दिले ते मी दिवाणजीला विचारलं. माझ्या नऊ दिवसांच्या मजुरीएवढे. मी त्या रात्री पोती उचलली कमी आणि विचार केला जास्त.

त्यानंतर मी एक वही घेतली आणि आठ दिवस फिरलो. मिलच्या गेटवर, ट्रॅक्टरच्या शोरूममागच्या गॅरेजमध्ये, वरठीच्या पोलाद कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर, उमरेडच्या कोळसा खाणीच्या रस्त्यावर जिथं ठेकेदाराच्या गाड्या थांबतात तिथं. साहेबाला भेटायचा प्रयत्न करू नका, वॉचमन आत सोडत नाही आणि सोडलं तरी साहेब "वेबसाइट पाहा" म्हणतो. बोलायचं ते सुपरवायझरशी, ठेकेदाराच्या मुकादमाशी, चहावाल्याशी. मी एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं विचारायचो: काम अडलं की तुम्ही कोणाला बोलावता, आणि तो कुठून येतो? माणूस लांबून येत असेल तर तिथं जागा आहे, असं समजा.

वहीत जे उतरलं ते मला कोणत्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. धान कापायचे हार्वेस्टर हंगामात पंजाबकडून येतात, चालक सोबत आणतात, आणि मशीन बंद पडलं की शेतात तीन-तीन दिवस उभं राहतं, कारण इथं त्याचं हायड्रॉलिक समजणारा मेकॅनिक नाही. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ काढणाऱ्या मिलला बॉयलर चालवायला प्रमाणपत्रवाला माणूस कायद्यानं ठेवावा लागतो, आणि तसा माणूस मिळत नाही म्हणून मालक रडतात. त्याला अनुभव आणि बाष्पके संचालनालयाची परीक्षा लागते, एका महिन्याचं काम नाही. वाइंडिंग सगळ्यांनाच हवं. संगणक चालवणारा मात्र कोणीच मागितला नाही. प्रत्येक ठिकाणी मालकाचा पुतण्या आधीच बसलेला होता.

हे सगळं पाहून मी चोविसाव्या वर्षी सरकारी आयटीआयला अर्ज केला. वर्गात बाकीचे सतरा-अठराचे, मला "काका" म्हणायचे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि इलेक्ट्रिशियनच्या जागा सगळ्यांत आधी भरतात. माझ्या गुणांना वायरमन मिळालं. पोरं वायरमनला कमी समजतात आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिशियन मिळेल म्हणून वर्ष वाया घालवतात. तसं करू नका. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत दोन्ही ट्रेड चालतात, आणि शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुमच्या ट्रेडचं नाव माहीतही नसतं. दोन वर्षांचाच ट्रेड तोही.

वेल्डिंगचा विचार करत असाल तर आमच्या शेजारच्या पोराचं ऐका. त्यानं एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केला, गुण चांगले, आणि कोराडीच्या वीज केंद्रात शटडाउनच्या, म्हणजे संच बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामावर ठेकेदाराकडे गेला. ठेकेदारानं प्रमाणपत्राकडे पाहिलंच नाही. पाइपाचे दोन तुकडे तिरपे बांधून दिले आणि म्हणाला, जोड. यालाच ते सिक्स-जी टेस्ट म्हणतात. पाइप हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, वरून, खालून, आडवं. आयटीआयमध्ये त्यानं टेबलावरची सपाट पट्टीच जास्त जोडली होती. नापास झाला. मग त्यानं शहाणपणाची गोष्ट केली. त्याच ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राहिला, जेवणाच्या सुट्टीत जुन्या वेल्डरांकडून भंगार पाइपांवर हात बसवला, सात महिन्यांनी टेस्ट काढली. आज तो शटडाउनच्या दिवसांत जे कमावतो ते मी महिन्यात कमावत नाही. पण शटडाउन वर्षभर नसतात, बाकी दिवस बसून काढावे लागतात, हेही तो सांगतो. त्याचा पगार विचारणाऱ्यांनी ते बसलेले दिवसही विचारावेत.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी सोडू नका. 1961 च्या कायद्यानं ती चालते, विद्यावेतन मिळतं, ते पोटापुरतंही होत नाही. तरी करा, कारण पुढे प्रत्येक जण "अनुभव आहे का" विचारतो आणि तो कागदावर दाखवायचा हाच सरळ मार्ग आहे. 2024 पासून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही आली, तिच्यात आयटीआयवाल्याला महिन्याला 8000 रुपये ठरले. ती घ्यायची असेल तर जिथं हात चालेल अशी जागा मागा. आमच्यातल्या एकाला ग्रामपंचायतीत बसवलं, तो मुदत संपेपर्यंत झेरॉक्स काढत होता.

माझं आताचं काम सौर पंपांचं. हे मी ठरवून केलं असं म्हणणार नाही, वही फिरवता-फिरवता सापडलं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकरी 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी 5 टक्के, आणि पंप लावणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. ही पाच वर्षं माझी भाकर आहे. कंपनीचं ऑफिस लांब, पंप बिघडतो इथल्या शिवारात, मग तिला इथलाच माणूस लागतो. बिघाडही ठरलेले. उंदरानं केबल कुरतडली, विहिरीतलं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा चालून कंट्रोलर ट्रिप झाला, माकडांनी पॅनेलवर उड्या मारल्या, अर्थिंग सुटलं. पुस्तकात माकडं नव्हती. डीसी करंटची भीती मात्र ठेवा, पॅनेलवर ऊन आहे तोवर तारेत वीज आहे, मेन स्विच पाडला की काम संपलं असं इथं नसतं.

यात तक्रार करण्यासारखंही आहे. मी कंपनीच्या माणसाच्या हाताखालच्या ठेकेदाराकडे आहे, पैसे दोन-दोन महिने उशिरा येतात, पेट्रोल माझं. म्हणून घरी वाइंडिंगचं मशीन टाकलं. रब्बीच्या आधी विजेवरच्या मोटारी जळतात तेव्हा ते घर चालवतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण त्यांचा कोर्स बहुतेक वेळा एसटीच्या वेळापत्रकावर ठरतो. आमच्या गावठाणात शिवणकामाच्या तीन तुकड्या झाल्या. मशीन वाटली, फोटो निघाले. आता चाळीस शिवणाऱ्या आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्याही त्याच चाळीस. माझ्या चुलत बहिणीनं रुग्णसेवा सहाय्यकाचा कोर्स केला, पण त्याआधी काकूसोबत भंडाऱ्याच्या दोन दवाखान्यांत जाऊन विचारून आली की रात्रपाळीला राहायची सोय आहे का. एकात होती. तिथंच लागली. तो प्रश्न तिनं आधी विचारला नसता तर शेवटच्या एसटीनं तिचा कोर्स बुडवला असता.

स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था पाहा. शिक्षण निवासी, फुकट, आणि नंतर कर्जाचा कागद करून द्यायलाही मदत करतात. मी वाइंडिंगसाठी तिथेच गेलो.

आणि कागद. आपल्यासारख्यांचा घोटाळा इथंच होतो. आधार कार्डावर जुनं गाव, रेशन कार्डावर नवं, शाळेच्या दाखल्यावर तिसरीच नोंद, कारण शाळाही उठून गेली. अर्जाच्या आदल्या दिवशी हे लक्षात येतं. दहावी व्हायच्या आधीच सगळ्या कागदांवर एकच पत्ता करून घ्या, भूसंपादनाच्या नोटिशीची आणि निवाड्याची प्रत जपून ठेवा. माझ्या बाबानं ती पत्र्याच्या पेटीत मेणकापडात गुंडाळून ठेवली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. आयटीआयच्या प्रवेशाला तीच काढावी लागली, आणि बाबा पेटी उघडताना म्हणाला, "घे गा, तीन एकर यातच आहेत आता."