गाठीखाली द्रावण टोचताना

मोठ्या आतड्यातील सपाट गाठ दुर्बिणीतून काढण्यापूर्वी तिच्या खालच्या सबम्युकोसा थरात (आतल्या अस्तराखालचा सैल थर) द्रावण भरून ती उचलून घ्यावी, कारण गाठ कापणारा तारेचा फास आणि स्नायूंचा थर यांच्यात तयार होणारी ही उशीच आतड्याला छिद्र पडण्याचा धोका कमी करते. साधे ०.९ टक्के सलाइन स्वस्त असले तरी काही मिनिटांतच पसरून जाते. लहान गाठीला ते पुरते, पण ईएसडी या गाठ सबम्युकोसातून सोलून अखंड काढण्याच्या वेळखाऊ पद्धतीसाठी ०.४ टक्के सोडियम हायलुरोनेटसारखे दाट द्रावण महाग असूनही मला अधिक योग्य वाटते. त्यात थोडे इंडिगो कार्माइन हे निळे रंगद्रव्य मिसळावे, म्हणजे सबम्युकोसा निळसर आणि स्नायू पांढरट दिसतात.

सुई तिरकी धरून आधी गाठीच्या पलीकडच्या कडेला टोचावी, म्हणजे गाठ दुर्बिणीकडे झुकते. द्रावण सोडताच फुगवटा दिसला नाही, तर सुई बहुधा भिंतीपार गेलेली असते; जोर न लावता ती हळूहळू मागे घ्यावी. भोवतालचा भाग उचलला जाऊन गाठ तेवढी खाली चिकटून राहिली, तर मात्र थांबावे: तो पूर्वीच्या बायोप्सीचा व्रण आहे की खोलवर गेलेला कर्करोग, याचा अंदाज घेतल्याशिवाय फास आवळू नये.